झोका, जीव आणि उधन्याची खोली

गुजराती कवी नर्मदला घाई फार. हजीऱ्याहून सुरतेकडे निघालं की तापीच्या याच काठावर, पूल ओलांडण्याआधी, रांदेर लागतं. तिथल्या शाळेत हा १८५२ साली मास्तर होता. बावीस वर्षं पुरी झाल्यावर त्यानं कविता करायचं मनावर घेतलं, आणि दोनच वर्षांत, १८५७ला, ‘पिंगळप्रवेश’ नावाचं छंदशास्त्राचं पुस्तक लिहून मोकळा झाला. स्वतः शिकलेलं अजून ओलं असतानाच त्यानं ते दुसऱ्यांना शिकवायला घेतलं! २३ नोव्हेंबर १८५८ला मास्तरकी सोडली आणि भरल्या डोळ्यांनी लेखणीलाच सांगितलं, की आता तुझ्याशिवाय आसरा नाही. हे सारं त्यानं १८६६ साली ‘मारी हकीकत’मध्ये लिहून ठेवलं. ते पुस्तक लोकांच्या हाती मात्र त्याच्या जन्मशताब्दीला, १९३३मध्ये आलं.

त्याच तापीवर, तीनेकशे किलोमीटर वर, जळगावशेजारच्या असोद्याची एक बाई होती. तिला अक्षरओळख नव्हती. आज सुरतेचं विद्यापीठ वीर नर्मदच्या नावाचं आहे आणि जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या. दोघांची जन्मतारीखही २४ ऑगस्ट अशीच छापतात, त्याची १८३३ची, तिची १८८०ची. एक पिंगळ घोकून कवी झाला, दुसरीनं पिंगळाचं नावही ऐकलं नसेल. नदी दोघांचं पाणी हजीऱ्याला आणून समुद्रात टाकते.

हजीरा म्हणजे काही साहित्याचं ठाणं नव्हे. इथं गॅस उतरतो, खत तयार होतं, पोलाद ओततात, जेट्टीला जहाजं लागतात. जगदीशपूरपर्यंत गेलेली गॅसची मोठी वाहिनी इथूनच निघते. पण मोरा, भाटपोर, इच्छापोरच्या भाड्याच्या खोल्यांतून धुळे-नंदुरबार-जळगावकडची पोरं राहतात, पाळ्या करतात, आणि त्यांतली काही रात्री मोबाइलवर कविता टंकतात. मला ती दाखवतात. पाठोपाठ प्रश्न येतो, ‘काका, कथा-कविता लिहायला शिकायचं कसं?’

पुस्तकं आहेत. बडोद्यात जन्मलेल्या माधव जूलियनांची ‘छंदोरचना’ १९२७ची, ना. सी. फडक्यांचं कथा-कादंबरीच्या तंत्रावरचं ‘प्रतिभासाधन’ १९३१चं. दोन्ही वाचावीत, दोन्हींतून हाताला वळण लागतं. पण हाताशी काही असल्याशिवाय वळण कशाला लावणार? म्हणून मी आधी दोनच गोष्टी वाचायला देतो. एक बहिणाबाईंचं सुगरणीच्या खोप्यावरचं सोळा ओळींचं गाणं आणि दुसरी बाबूराव बागुलांची कथा, जी इथून तासाभरावरच्या उधन्यात घडते. आज त्या दोन्ही नीट उलगडून बघू.

गाणं सगळ्यांना पाठ असतं, शाळेत होतं म्हणून. पाठ असलेली कविता वाचायला सगळ्यांत अवघड, कारण जीभ पुढे पळते आणि डोळा मागे राहतो. तेव्हा आधी बोटांवर अक्षरं मोजा. प्रत्येक ओळ आठ अक्षरांची, आणि अशा चार ओळींचं एक कडवं. हे माप बहिणाबाईंना कुणी शिकवलं नाही. घरोट फिरवताना, शेतात निंदताना, कीर्तनात बसून ते कानात मुरलेलं होतं. नवकवी म्हणतो, आम्ही मुक्तछंदात लिहितो, आम्हाला मापाची गरज नाही. असेल. पण त्याच्या ओळी जिथं तुटतात तिथं त्या का तुटल्या हे विचारलं, तर उत्तर बहुधा मोबाइलच्या पडद्याची रुंदी हेच निघतं. बहिणाबाईंची ओळ आठव्या अक्षराला थांबते तेव्हा श्वास थांबतो आणि चित्रही तिथंच पुरं होतं. तिन्ही एका जागी थांबणं ही कसबाची गोष्ट आहे.

आता पहिल्या दोन कडव्यांच्या शेवटाकडे पाहा. पहिल्या कडव्याच्या अखेरीस सुगरणीनं पिलासाठी झाडाला झोका टांगलेला आहे. दुसऱ्या कडव्यात पिलं झुलत्या बंगल्यात निजलेली दिसतात, आणि कडवं संपताना त्याच क्रियापदानं, ओळीतल्या त्याच जागी, झाडाला जीव टांगलेला असतो. बदललं काय? झोक्याच्या ठिकाणी जीव आला, एवढंच. झोका म्हटल्यावर आपण खेळीमेळीत होतो. वाऱ्यावर डुलणारी ती छान वस्तू होती. चार ओळींनी तीच वस्तू, त्याच फांदीला, तितकीच डुलते आहे आणि आता आपल्याला भीती वाटते. आईपणाच्या धास्तीबद्दल बाईंनी एक अक्षर काढलेलं नाही. एक शब्द उचलला, दुसरा ठेवला. नवशिक्याच्या वहीत हाच भाव ‘आईची माया अथांग’ अशा ओळीनं येतो, आणि ती ओळ वाचून कुणाच्याही पोटात कालवत नाही.

मध्येच तो ‘बंगला’ येतो त्याचीही मजा आहे. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईच्या गाण्यात, मातीच्या भिंतींच्या गावात, बंगला! साहेबाचा किंवा सावकाराचा असणार तो, आणि जमिनीत घट्ट रोवलेला. गवताच्या काड्यांच्या घराला तिनं तो शब्द बहाल केला, वर त्याला झुलतं केलं. मिस्कीलपणा आहे, पण पिलांच्या निजेला धक्का लागू दिलेला नाही.

तिसऱ्या कडव्यात खोप्याची वीण येते, आणि ती कशासारखी आहे तर गिलक्यासारखी. गिलकं वेलीवर वाळू दिलं की आतला गर जातो आणि धाग्यांची दाट जाळी उरते, तीच आपण अंग घासायला घेतो. सुगरणीचा खोपा हातात घेऊन पाहिलेल्या माणसाला ही उपमा किती अचूक आहे ते कळेल: तसाच रंग, तसाच खरखरीत स्पर्श, आणि धाग्यात धागा असा अडकलेला की ओढून सुटत नाही. बाईंनी उपमा शोधायला परसाचं कुंपणही ओलांडलेलं नाही. आमच्या इथला एक मुलगा पोलादाच्या भट्टीजवळ काम करतो. त्याच्या कवितांत चांदणं, पारिजात आणि सागरलाटा असतात. भट्टी एकदाही आलेली नाही. का, असं विचारलं तर म्हणाला, ‘त्यात काय कविता?’ त्याला मी गिलकं दाखवलं.

एक अडचण इथं सांगूनच टाकतो, नाहीतर पक्ष्यांचे जाणकार पत्र लिहितील. खोपा विणतो तो नर. मादी अर्धे विणलेले खोपे बघत हिंडते, एखादा पसंत पडला तर नर तो पुरा करतो, नाहीतर तसाच सोडून दुसरा घेतो. ओलपाडकडे जाताना पाण्यावर वाकलेल्या झाडांवर असे टाकून दिलेले अर्धे खोपे लोंबताना दिसतात; लिहू लागलेल्या कुणाचीही वही उघडलीत तर आत हेच असतं. मग बहिणाबाई चुकल्या का? मराठीनं या पक्ष्याला सुगरण म्हणून बाई केलं ते त्यांच्या कितीतरी आधी. भाषेनं दिलेलं त्यांनी घेतलं, पण डोळ्यांनी पाहिलेलं सगळं तंतोतंत आहे: लोंबणं, वीण, चोच. कवितेला तेवढं पुरतं. पक्षिशास्त्राच्या परीक्षेत त्यांचे दोन गुण जातील.

शेवटच्या कडव्यात चिमुकली चोच येते. त्या पाखराला दात म्हणून तीच आणि ओठ म्हणूनही तीच, दुसरं हत्यार नाही. मग बाई माणसाकडे वळतात आणि त्याला देवानं काय काय दिलं ते मोजतात: दोन हात, दहा बोटं. आणि गाणं थांबतं. ‘तेव्हा हे माणसा, तूही उद्योगी हो’ हे पाचवं कडवं कुठाय? ते नाही. नुसती मोजदाद केली आणि आपल्याला आपल्या बोटांकडे बघायला लावून बाई उठून गेल्या. ज्या कविता मला दाखवायला येतात, त्यांतल्या बहुतेकांचं शेवटचं कडवं मी न वाचताच आडवी रेघ मारतो. पोरं आधी रुसतात. आठवड्यानं येऊन म्हणतात, काका, बरं झालं.

बहिणाबाईंनी लिहून काही ठेवलं नाही. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी टिपून ठेवलं तेवढं वाचलं. ३ डिसेंबर १९५१ला त्या गेल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं १९५२मध्ये गाणी छापून आली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते, वृत्तांत लिहिणारे. आईची गाणी त्यांच्या कवितेपेक्षा जास्त टिकतील हे त्यांना ती उतरवून घेताना कळलं असेल का, हा प्रश्न मला अधूनमधून छळतो. पण तो वेगळा विषय.

कवितेनं काहीही लपवलेलं नव्हतं. झाड, खोपा, चोच, बोटं सारं उजेडात होतं. कथेचं तसं नाही. तिच्यात कुणीतरी काहीतरी दडवून असतं, आणि दडवणं अवघड होत जातं तसतशी ती पुढे सरकते. हे पुस्तकातून सांगता येतं, पण बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’मध्ये ते अंगावर येतं.

बागुलांचा जन्म १९३०चा, नाशिकजवळच्या विहितगावचा. पुढे मुंबईत, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात वाढले. मोलमजुरीची नाना कामं करत लिहीत राहिले. काही काळ ते सुरतेकडे रेल्वेच्या नोकरीतही होते. १९६३ला या कथेच्याच नावाचा संग्रह आला आणि मराठी कथेला बसायची जागा बदलावी लागली. संग्रह सगळा वाचावा, पण शिकणाऱ्यानं ही एक कथा पाच-सहा वेळा वाचावी.

पहिला धक्का शीर्षकातच आहे. नवा कथाकार गुपित शेवटच्या ओळीसाठी जपून ठेवतो. ‘आणि मग कळलं की तो आंधळा होता’ या घाटाच्या कथांना तोटा नाही. बागुलांनी गुपित कथेच्या कपाळावर गोंदवलं. पहिलं वाक्य वाचण्याआधी आपल्याला ठाऊक झालेलं असतं, की हा माणूस जात चोरून राहिला होता. तो ज्यांच्यात वावरतो त्यांना ते ठाऊक नाही. त्यामुळे कुणी साधं ‘या, बसा’ म्हटलं तरी आपला जीव टांगणीला लागतो. काय घडणार हे कळून चुकलेलं असतं. ते कधी घडणार, एवढाच प्रश्न उरतो, आणि प्रत्येक पानावर वाटतं की आत्ताच. गुपित आधी फोडल्यानं ताण वाढतो, हे फडक्यांच्या पुस्तकालाही मान्य व्हावं. शिवाय निवेदक मागे वळून बोलतो आहे. ते दिवस सरले आहेत आणि आपण त्यातून जिवंत बाहेर आलो याचंच त्याला नवल वाटतं. म्हणजे तो जगतो हेही आधीच कळलं. तरीही धडधड थांबत नाही.

प्रसंग अगदी साधे. मुंबईचा तरुण रेल्वेत नोकरी लागून उधन्याला येतो. उत्साहानं फुललेला, कवी माणूस. राहायला खोली हवी. रणछोड नावाचा एकजण त्याची जात विचारतो, आणि हा आवेशानं उत्तर देतो ते मुंबईकर असल्याचं. त्या उत्तरात तो एक अक्षरही खोटं बोललेला नाही, फक्त विचारलेलं सोडून दुसरंच सांगितलं. ऐकणाऱ्यानं त्यातून हवा तो अर्थ काढला. कथेतली चोरी इथं होते, आणि ती किती हलक्या हातानं केली आहे ते पाहा: सगळी गाठ एका फसव्या उत्तरात पडते. हजीऱ्यातल्या पोरांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. खोली बघायला गेल्यावर आधी आडनाव, मग गाव, मग ‘म्हणजे तुम्ही नक्की कोण?’ या पायऱ्या ती सगळी चढलेली आहेत.

मग रामचरण तिवारी येतो. या कवीचं, त्याच्या शिक्षणाचं त्याला भारी अप्रूप. इथं बागुलांनी काय केलं? नायकाला शत्रूच्या तावडीत देण्याऐवजी प्रेमाच्या तावडीत दिलं. रामचरण वाईट असता तर कथा निम्म्या ताकदीची झाली असती. तो जितकी माया करतो तितका फास आवळतो, कारण प्रत्येक आदर दुसऱ्याच कुणाला तरी वाहिलेला आहे, आणि तो दुसरा अस्तित्वातच नाही. शेवटी रामचरण त्याला घरी जेवायला बोलावतो. त्याची बायको सरस्वती, अगत्यानं करणारी. बायकोचं नाव सरस्वती ठेवताना बागूल गालात हसले असतील असं मला वाटतं. कवी विद्यादेवतेच्या पानावर जेवायला बसला आहे आणि घास घशाखाली उतरत नाही.

या सगळ्याला तोल येतो तो काशीनाथमुळे. तोही मुंबईचा, तोही त्याच जातीचा, पण त्यानं काही चोरलेलं नाही. तो चाकू बाळगतो आणि अंगावर येणाऱ्याला शिंगावर घेतो. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं लेखकानं एकाच कामावर, एकाच आवारात उभी केली आहेत. काशीनाथचा अपमान होतो तेव्हा निवेदक बघत असतो आणि त्याला गप्प राहावं लागतं. बोलला तर उघडा पडेल. चोरलेल्या जातीची किंमत रुपया-पैशात किंवा मारात नंतर मोजली जाईल, पण पहिला हप्ता तो या गप्प राहण्यात भरतो. शिकणाऱ्यानं इथं पेन्सिल घेऊन बसावं. नायकाचं मन उघडं करायला पानभर चिंतन लागत नाही. त्याच्याच वाट्याचं दुःख भोगणारा दुसरा माणूस शेजारी उभा केला की पुरतं.

जात उघडी पडते, माणसं तुटून पडतात, आणि काशीनाथ धावून येतो. वाचवणारा तोच, ज्याला आपण ओळख दिली नव्हती. मार का खाल्लास, असं तो विचारतो, तेव्हा निवेदक मारणाऱ्यांपैकी कुणाचंही नाव घेत नाही, मनूचं घेतो. या शेवटाबद्दल माझं मन अजून पक्कं झालेलं नाही. त्यानं कथा उधन्याच्या आवारातून एकदम दोन हजार वर्षं मागे फेकली जाते, आणि रणछोड-रामचरण ही माणसं सुटतात की जास्त अडकतात, हे दर वाचनाला वेगळं वाटतं. बहिणाबाईंच्या दहा बोटांसारखा तो मुका शेवट नाही, ठणकावून केलेला आहे. पण कथाभर तोंड दाबून राहिलेल्या माणसाच्या तोंडी आहे, आणि इतका वेळ दाबलेलं वाक्य हळू आवाजात बाहेर पडेल कसं?

एक दोषही दाखवतो. बागुलांचं गद्य तापलेलं असतं. विशेषणांची रांग लागते, माणसं भाषणासारखं बोलतात, निवेदकाचे उद्गार कधी कधी प्रसंगाच्या पुढे धावतात. त्यांना ते पेलतं, कारण खालचा निखारा खरा आहे. नवशिके नेमकं हेच उचलतात. उद्गारचिन्हं उचलतात, संताप उचलतात, आणि रणछोडच्या प्रश्नाला दिलेलं ते चलाख, अर्धं उत्तर मात्र नजरेतून सुटतं. संताप ज्याचा त्याच्याकडे असतोच. अर्धं उत्तर रचायला शिकावं लागतं.

परवा एकानं विचारलं, मग आता लिहू काय? त्याला सांगितलं, उधन्याला जा. इथून बस बदलून तासाभरात पोचशील. जळगाव-भुसावळची लाइन तिथूनच फुटते, तुझं गाव त्याच रुळावर आहे. प्लॅटफॉर्मवर बस आणि रामचरणच्या घरचं ते जेवण सरस्वतीच्या बाजूनं लिही. सकाळपासून तिची काय गडबड, भाजी कोणती, पीठ कुणाकडून उसनं आणलं, नवऱ्यानं कवीचं किती कौतुक करून ठेवलंय, पाहुणा पानावर बसून जेवत का नाही. आठ अक्षरांचं एखादं गाणं ती पोळ्या लाटताना गुणगुणत असेल, तेही येऊ दे. दोन पानांपेक्षा जास्त नको. आणि तिला कळलं की नाही, ते लिहू नकोस.